सवयीचा पत्ता

१९०६च्या जानेवारीत मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांनी माग बंद ठेवले आणि गिरण्यांवर दगडफेक केली. भांडणाचं कारण मजुरी नव्हे, घड्याळ होतं. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानभर एकच प्रमाणवेळ आणली, आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. घड्याळ पुढे सरकलं की भोंगाही तेवढा आधी वाजणार आणि कामगाराला जानेवारीच्या अंधारात अंथरूण सोडावं लागणार. पंधरा हजारांहून जास्त मुंबईकरांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या. महापालिकेने आपल्या घड्याळांवर ‘बॉम्बे टाइम’ चालू ठेवला. सरकारची वेळ एक आणि शहराची दुसरी, हा प्रकार स्वातंत्र्य आल्यानंतरही काही काळ सुरू राहिला.

मुंबईकर किती हट्टी, असं म्हणून हा किस्सा हसण्यावारी नेता येईल. पण सवयींच्या सगळ्या प्रश्नाची मेख त्यातच आहे. परिस्थिती पालटली की ‘सवयी बदला’ हा सल्ला फुकट मिळतो. सवय मात्र एकट्या माणसाच्या अंगात मुक्कामाला नसते. ती भोंग्याच्या वेळेत असते, नळाला पाणी येण्याच्या तासात असते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उठण्याबसण्यात असते, स्वयंपाकघरातल्या मांडणीत असते. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्राने जे तपासलं आणि शंभर वर्षांत महाराष्ट्राने जे अनुभवलं, ते शेजारी शेजारी ठेवलं तर सवयींबद्दलच्या बऱ्याच लाडक्या समजुती मोडीत निघतात.

सगळ्यात लाडकी समजूत एकवीस दिवसांची. व्यक्तिमत्त्व विकासाचं कुठलंही शिबिर तिच्याशिवाय पार पडत नाही. तिचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याने आपल्या अनुभवावरून लिहिलं होतं. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळालं, चेहराही गळाला, उरला तो आकडा. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे लक्ष ठेवलं. प्रत्येकाने एकच नवी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायची होती: जेवणाबरोबर एखादं फळ, नाश्त्यानंतर ग्लासभर पाणी, जेवणाआधी थोडं धावणं. २०१०मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत कितीही असू शकतो. मधला आकडा ६६. पाणी पिणं लवकर जमलं, व्यायामाला दीडपट वेळ लागला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. संकल्प मोडला म्हणून दुसऱ्याच दिवशी तो सोडून देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरी समजूत निग्रहाची. मनावर घेतलं की सवय सुटते, हे आपल्याकडे शाळेपासून ऐकवलं जातं. वेंडी वूड या अमेरिकी संशोधिकेने विद्यार्थ्यांना दिवसभरात तासातासाला आपण काय करतोय ते टिपायला लावलं. सुमारे ४३ टक्के कृती अशा निघाल्या, ज्या जवळजवळ रोज, त्याच जागी आणि बहुतेक वेळा डोक्यात भलताच विचार चालू असताना होत होत्या. म्हणजे निग्रहाचा तिथे प्रवेशच नव्हता. वूड आणि डेव्हिड नील यांचा २०११चा पॉपकॉर्नचा प्रयोग तर मासलेवाईक आहे. सिनेमाला आलेल्या काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर आधीचे, मऊ पडलेले पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. आवडले का असं विचारलं तर मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. हेच पॉपकॉर्न सभेच्या खोलीत गाण्यांचे व्हिडिओ दाखवताना दिले, तेव्हा शिळे तसेच राहिले. आणि चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताने न खाता दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही शिळे पॉपकॉर्न मागे उरले. काळोख, खुर्ची, पडदा आणि उजवा हात एवढी जुळवाजुळव झाली की जिभेला कोणी विचारत नाही.

याचा सगळ्यात मोठा आणि अजाणता झालेला प्रयोग युद्धाने घडवला. १९७१मध्ये व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेतात, हे उघड झाल्यावर निक्सन सरकार हादरलं. परतण्याआधी प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायचा हुकूम निघाला. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा माग ठेवला. तिथे असताना जवळपास पाचांतला एक जण व्यसनाधीन होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात अशांपैकी सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. अनेक तज्ज्ञांचा या आकड्यांवर आधी विश्वासच बसला नाही, कारण अमेरिकेत उपचार घेऊन त्याच गल्लीत परतणारे व्यसनी सर्रास पुन्हा घसरत. सैनिकांची गल्लीच सातासमुद्रापार राहिली होती. यावरून गाव बदललं की व्यसन सुटतं असा सरसकट अर्थ काढणं धोक्याचं आहे. व्यसन निव्वळ सवयीपुरतं नसतं, आणि त्या सैनिकांच्या मागे घर, नोकरी, जुने सोबती होते. तरीही परिसराची पकड किती असते, हे त्या आकड्यांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसलेलं नाही.

मग परिसर बदलला की काय होतं? काही काळ सवयी सैल पडतात. ब्रिटनमधल्या बास व्हरप्लँकन यांनी याला ‘सवयींतला खंड’ मानून बराच अभ्यास केला. पीटरबरा शहरातल्या ८०० घरांच्या त्यांच्या पाहणीत निम्मी घरं नुकतीच नव्या जागी राहायला आलेली होती. वीज, पाणी, कचरा, प्रवास यांबद्दल पर्यावरणाला झेपतील अशा नव्या सवयी लावून घेणं या नव्या बिऱ्हाडांना जास्त जमलं, पण साधारण पहिल्या तीन महिन्यांपर्यंतच. त्यानंतर खिडकी बंद. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फेब्रुवारी २०१४मधल्या दोन दिवसांच्या संपाने हेच वेगळ्या पद्धतीने दाखवलं. काही स्थानकं बंद असल्यामुळे प्रवाशांना दुसरे रस्ते शोधावे लागले. संप मिटल्यावर बहुतेक जण जुन्या वाटेला लागले. पण दर वीसमधला एकजण नव्या वाटेनेच जात राहिला. म्हणजे वर्षानुवर्षं तो लांबच्या रस्त्याने जात होता आणि ते कळायला गाडी बंद पडावी लागली.

जुनी सवय नव्या सवयीने पुसली जाते का, याचं उत्तर मात्र निराशाजनक आहे. एमआयटीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांनी चक्रव्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूतला स्ट्रायटम हा भाग वर्षानुवर्षं तपासला. आमिष काढून घेतल्यावर सवयीचा ठसा विरल्यासारखा वाटतो. आमिष परत ठेवलं की तो लगेच जसाच्या तसा उमटतो. जुनं घर पाडलं जात नाही, फक्त कुलूप लागतं.

प्रयोगशाळेतून बाहेर पडलं की हेच कुलूपबंद घर जागोजागी दिसतं. १ एप्रिल १९५७ला भारतात दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, हा हिशोब जमेना म्हणून दुकानादुकानांत तक्ते टांगले गेले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. सरकारने इथे शहाणपण दाखवलं: भाषणांवर भर न देता जुनी वजनंच बेकायदा ठरवली, नव्या वजनांवर शिक्के मारून घेणं सक्तीचं केलं. तराजूत टाकायला शेरच उरला नाही, मग गिऱ्हाइकाच्या मनात तो असला काय नि नसला काय. काही वर्षांतच बाजार बदलला. जिथे वजनं जप्त करता येत नव्हती, तिथे मात्र जुनं मोजमाप आजही तग धरून आहे. सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, खरा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा असला तरी. जमिनीची गंमत त्याहून मोठी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. शेतकरी बोलतो एकर आणि गुंठ्यांत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा १०१ चौरस मीटरच्या जवळ. त्यामुळे उताऱ्यावरचा आर बिनबोभाट गुंठा म्हणून वाचला जातो आणि व्यवहार अडत नाही. कायद्याने माप बदललं, शेतकऱ्याने फक्त वाचन जुळवून घेतलं. नवी सवय इतक्या कमी त्रासात क्वचितच बसते.

चुलीच्या बाबतीत हे नशीब बायकांच्या वाट्याला आलं नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत पहिल्यांदा सिलिंडर पोहोचलं. चूल मात्र विझली नाही. उत्तरेतल्या चार राज्यांत दोन वर्षांनी झालेल्या पाहणीत योजनेच्या दर दहा घरांपैकी आठांहून जास्त घरं लाकूड-गोवऱ्या जाळतच होती. यावर शहरी माणसाची पहिली प्रतिक्रिया ‘मानसिकता’ ही असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एखाद्या घरात सकाळी तासभर बसलं तर त्या शब्दाचा फोलपणा कळतो. गॅसवर चहा होतो, पाहुणा आला तर पोहे होतात, मुलाची शाळेची घाई असेल तर भाजी होते. भाकऱ्यांची चवड चुलीवरच भाजली जाते, कारण तव्यावरून उतरवलेली भाकरी निखाऱ्यांपुढे उभी करून शेकायची सोय शेगडीत नाही. घरभराच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं परवडत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतात फुकट पडलेल्या असतात. सिलिंडरला रोख पैसे लागतात, आणि सरपण गोळा करणारीच्या कष्टाची किंमत घराच्या हिशोबात कोणी धरत नाही. मग ती बाई दोन्ही ठेवते. तिने सवय बदलली नाही असं म्हणणं चूक आहे. तिने एका चुलीऐवजी दोन चुलींचा सराव केला आणि धूर थोडा कमी झाला. सवयींच्या अभ्यासात ‘जुनं सोडून नवं धरणं’ हाच नमुना धरला जातो, आणि प्रत्यक्षात बहुतेक घरं जुन्यावर नवं रचत जातात.

शौचालयांचा अनुभव याला समांतर, फक्त अधिक कडवट. उत्तर भारतातल्या ग्रामीण भागात २०१४च्या सुमारास झालेल्या एका मोठ्या पाहणीत, शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक माणूस उघड्यावरच जात होता. खड्डा भरला तर उपसणार कोण, हा जातीशी बांधलेला प्रश्न त्यामागे होता. महाराष्ट्रात गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथकं’ पहाटे टमरेलवाल्यांना गुलाबाची फुलं देत, कधी फोटो काढत फिरली. लाजेने काही गावं हागणदारीमुक्त झाली. पण जिथे पाण्याचा हंडा दोन किलोमीटरवरून आणायचा, तिथे एकेका वापराला बादलीभर पाणी ओतायचं कुठून, हे पथकाने विचारलं नाही.

महासाथीने सगळ्यांच्याच सवयींचा एकदम खंड पाडला. मुंबईत लोकल सर्वसामान्यांसाठी मार्च २०२०मध्ये बंद झाली ती थेट पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, तीही ठरावीक तासांपुरती उघडली. या काळात दोन मराठी सवयींचं जे झालं, ते ताडून पाहण्यासारखं आहे. पहिली वारी. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची पायी वाट २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी थांबली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. शतकांची परंपरा आता विस्कटणार, अशी धास्ती तेव्हा अनेकांनी व्यक्त केली. २०२२च्या आषाढात दिंड्या पुन्हा आपापल्या क्रमांकाने रांगेत लागल्या, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. दुसरी सवय मुंबईच्या डबेवाल्यांची, १८९० पासूनची. लोकल बंद होताच हजारो डबेवाले मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडे आपापल्या गावी परतले. गाड्या पुन्हा धावू लागल्या, तरी डबे पूर्वीइतके परतले नाहीत.

फरक श्रद्धेत शोधायचा मोह होतो. पण वारीचा सगळा आधार जागेवर होता: तिथी ठरलेली, मुक्कामाची गावं ठरलेली, दिंडीतली माणसं तीच. खिंडार पडलं ते दोन वर्षांपुरतं. डब्याचा आधार म्हणजे रोज त्याच टेबलाशी बसणारा कारकून, आणि तोच आता आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करू लागला. डबेवाल्याचा हात, त्याची खूण वाचायची नजर, वेळेचं काटेकोरपण यातलं काहीच उणावलं नाही. समोरचा माणूसच ऑफिसातून हलला.

पैशांच्या सवयीची कहाणी या दोन्हींच्या मधली. ८ नोव्हेंबर २०१६ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, म्हणजे चलनातल्या रकमेपैकी सुमारे ८६ टक्के. रांगा लागल्या, लोक कार्ड आणि मोबाइलकडे वळले आणि नोटा परत येताच पुन्हा रोखीकडे गेले. धक्का होता, पण नवी वाट सोयीची नव्हती. यूपीआय त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झालेलं असलं तरी ते अंगवळणी पडलं ते पुढच्या काही वर्षांत: डेटा स्वस्त झाला, चहाच्या टपरीवर क्यूआर कोडचा स्टिकर आला, सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी मिटली, आणि महासाथीत नोटेला हात लावायची भीती वाटू लागली. ऑगस्ट २०२३मध्ये एका महिन्यातले यूपीआय व्यवहार हजार कोटींच्या वर गेले. भाजीवालीने पावशेर मिरच्यांसाठी स्कॅनर पुढे करणं आता कोणाला नवल वाटत नाही. आणि तरीही चलनातली रोख नोटबंदीआधीच्या सुमारे १८ लाख कोटींवरून २०२४पर्यंत जवळजवळ दुप्पट झाली. दहा रुपयांच्या चहाला मोबाइल, लग्नातल्या आहेराला आणि अडीअडचणीला कपाटातली नोट. इथेही एकावर एक रचलेली घरंच.

सक्तीने सवय बदलल्याचं जगातलं सगळ्यात नीट बसलेलं उदाहरण स्वीडनचं. १९५५च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवायची पद्धत सोडायला नकार दिला. शेजारचे सगळे देश उजवीकडून चालत होते, आणि स्वीडिश लोकांच्या स्वतःच्या गाड्यांची सुकाणूही बहुतांशी उजवीकडच्या वाहतुकीसाठीच बसवलेली होती. १९६३मध्ये संसदेने बदल ठरवला आणि चार वर्षं तयारी केली. दुधाच्या पुड्यांवर चिन्ह छापलं, गाणं काढलं, लाखो फलक झाकून ठेवले. ३ सप्टेंबर १९६७च्या रविवारी पहाटे पाचला वाहतूक उजवीकडे वळली. लोक इतके जपून चालवू लागले की अपघात काही काळ घटले. मग वर्ष-दोन वर्षांत सावधपणा सरावला आणि आकडे पूर्वपदावर आले. या उदाहरणात खरं वाखाणण्यासारखं काय आहे, तर सरकारने लोकांकडून स्मरणशक्तीची अपेक्षा ठेवली नाही. रस्त्यानेच आठवण करून द्यावी अशी व्यवस्था केली.

पुण्यातल्या हेल्मेटशी याची तुलना करायचा मोह आवरलेला बरा. सक्ती, मोर्चे, स्थगिती आणि पुन्हा सक्ती असं इतक्या वेळा झालं, की हेल्मेटला विरोध करणं हीच तिथली सवय होऊन बसली.

पुढची परीक्षा उन्हाची आहे. अहमदाबादने मे २०१० मधल्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३मध्ये उष्माघात टाळण्याचा आराखडा केला. नागपूरसारख्या शहरांनीही तो मार्ग धरला. त्यातल्या बऱ्याच सूचना सवयींबद्दल आहेत: दुपारी बाहेर पडू नका, पाणी पीत राहा, कामाच्या वेळा बदला. १६ एप्रिल २०२३ला खारघरला भर दुपारच्या उन्हात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. एप्रिल-मेमध्ये दुपारी मैदानात कार्यक्रम घेण्याची सवय आपल्याकडे जुनी, आणि ऊन तितकं जुनं राहिलेलं नाही. त्या घटनेनंतर उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असं राज्य सरकारने जाहीर केलं. मंडप आणि भाषणं संध्याकाळवर ढकलता येतात. विदर्भात शेतमजूर पूर्वीपासूनच उन्हाळ्यात भल्या पहाटे रानात जाऊन उन्हं चढायच्या आत परततात. त्यांचा दिवस त्यांनी आणि मालकाने मिळून ठरवलेला असतो. इमारतीच्या बांधकामावर सिमेंटचे घमेले वाहणाऱ्या बाईची वेळ ठेकेदार ठरवतो, तिच्या पोराच्या अंगणवाडीची वेळ अंगणवाडी ठरवते आणि वस्तीत टँकर येण्याची वेळ टँकरवाला. दुपारी सावलीत बसायचा सल्ला तिने पाळावा असं वाटत असेल, तर त्यासाठी आधी या तिघांची वेळापत्रकं हलवावी लागतील.